गरम झाली की सेल्फ घेत नाही: जुन्या डिझेल पिकअपचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

जुन्नर तालुक्यातले एक टोमॅटो उत्पादक शेतकरी. स्वतःचा माल आणि शेजारच्या दोघा-तिघांचा माल ते स्वतःच पिकअप चालवत वाशी मार्केटला नेतात. रस्ता ठरलेला: नारायणगाव, आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण आणि पुढे वाशी. संध्याकाळी क्रेट भरायचे, रात्री गाळ्यावर लावायची, हौदा रिकामा झाला की पहाटे परतीला निघायचं. मालकांची ओळख पटेल असे तपशील इथे गाळले आहेत. तांत्रिक बाजू जशी घडली तशीच ठेवली आहे.

गाडी २००८ सालची, सेकंडहँड घेतलेली. डिझेल इंजिन, मेकॅनिकल पंप, कॉम्प्युटर नाही, एक्सिलरेटरला साधी केबल. १२ व्होल्टची एकच बॅटरी. या गाडीच्या रचनेतल्या दोन गोष्टी पुढच्या सगळ्या प्रकरणात महत्त्वाच्या ठरल्या. पहिली, सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) इंजिनच्या ज्या बाजूला बसवलाय त्याच बाजूने सायलेन्सरचा पाइप खाली उतरतो, त्यामुळे लांब पल्ला मारून आल्यावर सेल्फ हात लावू देत नाही इतका तापतो. दुसरी, चावीपासून सेल्फपर्यंत जाणारी तार सरळ जाते, मध्ये रिले (छोट्या करंटवर चालून मोठा करंट सोडणारा स्विच) नाही. सेल्फच्या सोलेनॉइडला (सेल्फवरचा चुंबकी स्विच) लागणारा सगळा करंट चावीच्या स्विचमधूनच जातो.

अडचण

सकाळी थंड गाडी एका झटक्यात चालू. नारायणगावला क्रेट भरून निघाली की वाशीपर्यंत काही तक्रार नाही. गाळ्यावर इंजिन बंद केलं, पाऊण हौदा उतरवला, गाडी जरा पुढे घ्यायची म्हणून चावी फिरवली की बोनेटखालून फक्त एक 'टक्'. पुन्हा चावी, पुन्हा 'टक्'. डॅशबोर्डवरचे दिवे लख्ख, हॉर्न खणखणीत, पण सेल्फ हलत नाही. अर्धा-पाऊण तास थांबलं की आपोआप चालू, जणू काही झालंच नव्हतं.

रात्रीच्या वेळी वाशीला गाळ्यासमोर गाड्यांची रांग असते. तिथे अर्धा तास गाडी अडकली तर मागचा ऐकून घेत नाही. हमालांना हाताला धरून धक्का मारायला लावायचा, सेकंड गिअरमध्ये क्लच सोडायचा, हे नेहमीचं झालं. मग मालकांनी इंजिन बंद करणंच सोडलं. माल उतरेपर्यंत गाडी चालूच, डिझेल जळत राहणार. घाटात चहाला थांबायचं तर उतार बघून थांबायचं. भरलेली गाडी उतारावर न्यूट्रलमध्ये सोडून चालू करण्याची वेळ माळशेजसारख्या घाटात कोणावर येऊ नये. तिथे ब्रेकला व्हॅक्यूम लागतो आणि तो इंजिन चालू असेल तरच मिळतो.

माझ्याकडे येईपर्यंत काय झालं होतं

पहिल्यांदा बॅटरी बदलली. जुनी तीन वर्षांची होती, "तिचं आयुष्य संपलं" असं सांगून नवीन दिली. काही आठवडे तक्रार कमी झाली. उन्हाळा चढला तशी परत आली.

मग सेल्फ उतरवला. कार्बन नवीन, बुश नवीन, सोलेनॉइड नवीन, आर्मेचर साफ केलं. पुन्हा काही दिवस बरे गेले, पुन्हा तेच.

तिसऱ्या ठिकाणी सांगितलं की गाडीचं वायरिंगच जुनं झालंय, पूर्ण हार्नेस बदलावा लागेल. तिथे मालक थांबले. दोन दुरुस्त्यांत दहा हजारांच्या वर गेले होते आणि हार्नेसचा आकडा त्याहून मोठा होता.

या दोन्ही दुरुस्त्या अगदीच चुकीच्या नव्हत्या, आणि नेमकी तीच अडचण झाली. प्रत्येक वेळी थोडा गुण आला, म्हणून प्रत्येक वेळी वाटलं की रोग सापडला. नवीन बॅटरीने सुरुवातीचा व्होल्टेज जरा वर नेला, नवीन सोलेनॉइडचा दांडा जरा सहज सरकू लागला. काठावर असलेल्या यंत्रणेला थोडा आधार मिळाला, इतकंच. काठावर ती का आली, हे कोणी मोजलं नव्हतं. त्या दोन बिलांत तपासणीचा एक रुपयाही नाही, सगळे पैसे पार्टचे आणि फिटिंगचे. यात दोष एका गॅरेजचा नाही. तपासायला तासभर लागला आणि पार्ट काही बदलला नाही, तर गिऱ्हाईक पैसे द्यायला का-कू करतं. मग गॅरेजवालाही पार्ट बदलण्याकडेच झुकतो.

समोर असलेले पर्याय

मालक आले तेव्हा वैतागलेले होते. म्हणाले, "दादा, आता सेल्फच नवा टाकू. रोज धक्क्याला माणसं कुठून आणू?"

मी म्हणालो, "टाकू की. पण एकदा गरम गाडी माझ्यासमोर अडू द्या."

बोलता बोलता चार पर्याय पुढे आले.

नवा सेल्फ टाकणं. आधीचा सेल्फ नुकताच उघडून भरला होता, त्यामुळे तो खराब असण्याची शक्यता कमी होती. नवा टाकूनही आठवडाभर बरं वाटलं असतं आणि पुन्हा तेच झालं असतं, अशी भीती होती.

पूर्ण हार्नेस. खर्च मोठा, गाडी चार-पाच दिवस उभी. टोमॅटोच्या हंगामात चार दिवस गाडी उभी राहणं म्हणजे माल शेतात लाल होऊन बसणं. शिवाय जुन्या गाडीला मिळणारा हार्नेस मापाला नीट बसेल याची खात्री नाही, आणि बसवताना नवे दोष शिरतात.

बायपास बटण. डॅशबोर्डखाली बटण, बॅटरीवरून थेट सेल्फच्या लहान टर्मिनलला तार. आपल्याकडे कित्येक जुन्या पिकअपना हे दिसेल. मालकांचाही ओढा याकडेच होता, कारण शेजारच्या गाडीला ते होतं. त्याने गाडी चालू झाली असती, हे खरं. पण चावी न लावताही सेल्फ फिरतो, त्यामुळे गाडी गिअरमध्ये असताना पोराने बटण दाबलं तर ती जागेवरून उडी मारते. बहुतेक जण त्या तारेला फ्यूज लावत नाहीत, आणि बोनेटखाली इन्सुलेशन घासलं की आग. शिवाय एकच दोष आहे की दोन, हे कायमचं झाकलं जातं. इथे दोन निघाले.

चौथा पर्याय, मोजणी. तीही गरम गाडीवर, दोष हजर असताना.

पहिला निर्णय: थंड मोजायचं की गरम

गाडी दारात आली तेव्हा थंड होती. तरीही आकडे घेतले, कारण तुलनेला लागणार होते. उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण चार्ज. सेल्फ मारताना बॅटरीच्या खुंट्यांवर १०.७. साधारणपणे सेल्फ फिरत असताना ९.६ च्या खाली जाऊ नये असं धरतात, त्या हिशोबाने बॅटरी उत्तम. इंजिन चालू असताना १४.२, डायनॅमो ठीक. गाडी बंद असताना चोरून खाल्ला जाणारा करंट ३५ मिलिअँपिअर, तोही ५० च्या आत.

सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर, ज्याला ५० नंबर म्हणतात तिथे, सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या मायनसच्या तुलनेत नऊच्या वर व्होल्ट दिसत होते. एवढं बघून कोणीही म्हणेल की चावीकडून येणारी लाइन बरी आहे. आधीच्या ठिकाणी असंच झालं असावं, कारण मालकांनी सांगितलं की मीटर लावून "सगळं ओके" म्हटलं होतं.

या आकड्यावर विश्वास का ठेवायचा नाही, ते सांगतो. सोलेनॉइडमध्ये दोन गुंडाळ्या असतात. एक ओढणारी, एक धरून ठेवणारी. चावी फिरवली की दोन्हींतून मिळून ३०-४० अँपिअर जातो, दांडा आत ओढला जातो, बेंडिक्सचा दातेरी पिनियन (सेल्फचं छोटं दातेरी चाक) फ्लायव्हीलला, म्हणजे इंजिनच्या मोठ्या चाकाला, भिडतो आणि शेवटी मोठे तांब्याचे कॉन्टॅक्ट जुळतात. ते जुळताक्षणी ओढणाऱ्या गुंडाळीच्या दोन्ही टोकांना एकच व्होल्टेज येतो आणि तिच्यातला करंट बंद होतो. मग फक्त धरून ठेवणारी गुंडाळी काम करते, तिला साधारण दहा अँपिअर पुरतात. म्हणजे सेल्फ फिरताना तुम्ही ५० नंबरवर मोजता तेव्हा अवघड भाग होऊन गेलेला असतो. खरी परीक्षा त्या पहिल्या निमिषाची, आणि ते निमिष मीटरवर दिसत नाही. दिसतं ते फक्त सोलेनॉइड अडकल्यावर, दांडा अर्ध्यात थांबून दोन्ही गुंडाळ्या करंट खात असताना.

म्हणून ठरवलं की गाडी दमवून आणायची. मालक भरलेली गाडी ओतूरच्या पुढे घाटमाथ्यापर्यंत नेऊन परत आले, इंजिन बंद केलं, दहा मिनिटं बोनेट झाकून ठेवलं. इंजिन बंद झाल्यावर पंखा थांबतो, वारा थांबतो आणि पाइपाची धग सेल्फमध्ये शिरत राहते. त्या दहा मिनिटांत सेल्फ चालत्या गाडीपेक्षाही जास्त तापतो. चावी फिरवली. 'टक्'.

अडलेल्या गाडीवरची तपासणी

आधी मीटर बाजूला ठेवून हेडलाइट लावले आणि चावी धरून ठेवली. दिवे किंचित मंदावले, बस. ही तपासणी फुकट आहे आणि खूप सांगते. सेल्फ मारताना दिवे विझत आले तर बॅटरी कमजोर, तिचे टर्मिनल ढिले, किंवा सेल्फ जाम. दिवे जवळपास तसेच राहिले तर मोठा करंट निघालेलाच नाही. इथे तो निघाला नव्हता. म्हणजे बॅटरीवर पैसे घालण्याचं कारण पहिल्या दिवसापासून नव्हतं. (काढलेली जुनी बॅटरी मालकांच्या पुतण्याने ट्रॅक्टरला लावली. ती आजही ट्रॅक्टर चालू करते.)

मग मीटर. काळी पिन बॅटरीच्या मायनस खुंटीवर नाही, सेल्फच्या अंगावर धरली. लाल पिन ५० नंबरवर. चावी धरून: ८.० व्होल्ट. त्याच वेळी बॅटरीच्या खुंट्यांवर १२.२. मध्ये ४.२ व्होल्ट कुठेतरी गायब.

४.२ कुठे गेले हे शोधायला प्रत्येक टप्प्याच्या दोन टोकांना दोन पिना लावायच्या आणि चावी फिरवून बघायचं. तार, स्विच किंवा जोड निर्दोष असेल तर मीटर जवळपास शून्य दाखवतो. जिथे आकडा उभा राहतो तिथे व्होल्टेज खाल्ला जातोय. पिना अगदी टोकाला लावाव्या लागतात. बॅटरीचं मोजताना शिशाच्या खुंटीवर पिन टेकवायची, क्लॅम्पवर नाही, नाहीतर खुंटी आणि क्लॅम्प यांच्यातला खार मोजणीतून निसटतो.

आकडे असे आले. बॅटरीच्या प्लसपासून चावीच्या स्विचच्या आतल्या बाजूपर्यंत ०.९. स्विचच्या कॉन्टॅक्टवर ०.८. स्विचच्या पुढे डॅशबोर्डखाली काळ्या टेपने गुंडाळलेल्या एका जोडावर १.९. इंजिनकडे जाणाऱ्या कनेक्टरवर आणि उरलेल्या तारेवर मिळून ०.४. झाले चार. राहिलेला ०.२ अर्थिंगच्या बाजूला, सेल्फच्या अंगापासून बॅटरीच्या मायनसपर्यंत.

तो टेपचा जोड उघडला. टेप उन्हाने चिकट होऊन तिचा राळेसारखा गोळा झाला होता. आधीच्या मालकाने कधीतरी गाडीला सिक्युरिटी अलार्म बसवला होता, तो काढून टाकताना कापलेल्या तारा नुसत्या पीळ देऊन जोडल्या होत्या. सोल्डर नाही, क्रिम्प (तारांवर दाबून बसवलेली धातूची नळी) नाही. तांब्याचे धागे काळे-हिरवे पडले होते आणि काही तुटलेले होते. जोडाला चिमटीत धरून मालकांना चावी फिरवायला सांगितली. दोन-तीनदा फिरवल्यावर बोटांना चटका बसला.

याच जोडावर मीटरचा कंटिन्युइटीचा बझर (तार सलग आहे का ते आवाजाने सांगणारा) लावून मालकांना ऐकवला. स्वच्छ आवाज. मीटरचा बझर अगदी नगण्य करंट सोडून तपासतो, त्याला दोन धागे शिल्लक असले तरी पुरतात. घाटात दरड कोसळून जेमतेम एका माणसापुरती वाट उरली असेल तर मोटारसायकल निघून जाते, म्हणून ट्रकची रांग निघेल असं कोणी म्हणत नाही. ३० अँपिअर मागणाऱ्या लाइनला बझर लावून पास करणं मला मान्य नाही. जुन्या गाड्यांची निम्मी चुकीची निदानं त्या बझरमुळे होतात असं माझं ठाम मत आहे.

आता प्रश्न उरतो की थंडीत चालतं आणि गरम झाल्यावर का नाही. तांब्याचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, दर १० अंशांमागे साधारण ४ टक्के वाढतो. २५ अंशांवरून १०० अंशांपर्यंत सोलेनॉइड तापला की त्याच्या गुंडाळीचा रोध ३० टक्क्यांच्या आसपास वाढलेला असतो. तेवढ्याने करंट कमी होतो, आणि ओढ करंटवर अवलंबून असते. करंट पाचव्या हिश्श्याने घटला तर ओढ पाचव्या हिश्श्याहून बरीच जास्त घटते. सकाळी जेमतेम पुरणारी ओढ रात्री वाशीला कमी पडायची. दांडा निघायचा, म्हणून 'टक्' ऐकू यायचं, पण स्प्रिंगला हरवून कॉन्टॅक्टपर्यंत पोचायचा नाही. मार्च-एप्रिलमध्ये तक्रार वाढायची ती याचमुळे.

दुसरा निर्णय: काही बदलण्याआधी खात्री

संशयाची जागा सापडली तरी लगेच कात्री लावली नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना दगड. बॅटरीच्या प्लसवरून फ्यूज आणि बटण असलेली जाड तार थेट ५० नंबरवर टेकवली. गाडी अजून गरमच होती, चावीने नुकतीच नकार देऊन झाली होती. बटण दाबताच सेल्फ फिरला आणि इंजिन चालू.

या एका कृतीने सेल्फची मोटर, सोलेनॉइड, मोठे कॉन्टॅक्ट आणि बॅटरी हे सगळे संशयातून सुटले. मालक थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणजे सेल्फ खोलायचीच गरज नव्हती."

नव्हती.

दुसरा दोष, जो कोणी विचारला नव्हता

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण बोलण्याच्या ओघात मालकांनी सांगितलं होतं की गेल्या वर्षी एक्सिलरेटर केबल घट्ट झाली म्हणून बदलली, आणि नवीही आता जड लागतेय. केबल पाहिली तर इंजिनाजवळच्या क्लिपपाशी तिचं प्लास्टिक आवरण मऊ होऊन चपटं झालं होतं. पाइपापासून ती लांब होती, त्यामुळे पाइपाच्या धगीचा प्रश्न नव्हता.

अशी खूण दिसली की अर्थिंग बघायचं. सेल्फ फिरताना दोन-अडीचशे अँपिअर ज्या वाटेने जातात त्याच आकाराच्या वाटेने परत यावे लागतात. या गाडीत बॅटरीचा मायनस चेसिसला आणि चेसिसपासून एक विणलेली पट्टी गिअरबॉक्सला. ती पट्टी खराब झाली तर करंट इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी कोणतीही धातूची वाट धरतो. एक्सिलरेटर केबलची आतली स्टीलची तार ही तशी वाट. ती तापते, आवरण वितळतं, केबल जड होते, आणि आपण केबल बदलत राहतो.

सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या मायनस खुंटीपासून सेल्फच्या अंगापर्यंत मोजलं: १.३ व्होल्ट. ०.२-०.३ च्या वर असू नये. अडलेल्या गाडीवर हाच आकडा ०.२ दिसला होता, कारण तेव्हा करंटच ३० च्या आसपास होता. तोच रोध, पण सातपट करंट गेल्यावर दात दाखवतो. हिशोब साधा आहे: अडीचशे अँपिअरच्या वाटेत एका ओहमचा शंभरावा भाग जरी आला तरी अडीच व्होल्ट खाऊन टाकतो. साधा मीटर ओहममध्ये इतका बारीक रोध दाखवूच शकत नाही.

पट्टीचं चेसिसकडचं टोक सोडलं तर खाली रंगाचा थर होता. कोणीतरी चेसिस रंगवताना पट्टी न काढताच फवारा मारला होता, रंग बोल्टभोवती आणि थिंबलच्या (टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीच्या) कडेने आत शिरला होता. वर गंज.

तिसरा निर्णय: जोड दुरुस्त करायचा की रिले टाकायचा

पिळाचा जोड कापून नीट क्रिम्प केला असता तर चारपैकी जवळजवळ निम्मा व्होल्टेज परत मिळाला असता आणि गाडी चालली असती. तेवढ्यावर भागवायचं का, यावर थोडी चर्चा झाली. मालकांचा प्रश्न रास्त होता: "दोष तिथं आहे ना, मग तेवढंच करा."

मी रिलेचा आग्रह धरला. चावीच्या स्विचवरच ०.८ जात होते, म्हणजे त्याचे कॉन्टॅक्ट भाजत आले होते. १५-१६ वर्षांच्या स्विचमधून दर वेळी ३०-४० अँपिअर नेत राहिलं तर पुढचा बळी तोच. रिले टाकला की चावीला फक्त रिलेची छोटी गुंडाळी चालवावी लागते. तिला पाव अँपिअरही लागत नाही. मग वाटेत थोडा रोध राहिला तरी फरक पडत नाही, आणि स्विच बदलण्याचाही खर्च वाचतो. आणि बायपास बटणासारखी चावी निरुपयोगी होत नाही.

काम असं केलं. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढला. ७० अँपिअरचा रिले बॅटरीजवळ. रिलेच्या टोकांना नंबर असतात: ३० नंबरला बॅटरीच्या प्लसवरून ६ चौरस मिलिमीटरची तार, तिच्यावर बॅटरीपाशीच फ्यूज. ८७ वरून तेवढीच जाड तार सेल्फच्या ५० ला. चावीकडून येणारी जुनी तार ८६ ला, ८५ अर्थला. नेहमी मिळणारे ३० अँपिअरचे हॉर्न-लाइटचे रिले इथे वापरू नयेत, ओढणाऱ्या गुंडाळीच्या धक्क्याने त्यांचे कॉन्टॅक्ट चिकटतात आणि चिकटला तर चावी सोडली तरी सेल्फ फिरतच राहतो. रिलेचं तोंड खाली ठेवलं. माळशेजचा पाऊस आडवा येतो, तोंड वर असेल तर होल्डरमध्ये पाणी साठतं.

डॅशबोर्डखालचा जोड कापून क्रिम्प केला, वर हीट-श्रिंक. तारा सेल्फजवळून नेताना पाइपापासून लांब, जाळीदार आवरणात.

अर्थिंगसाठी बॅटरीच्या मायनसवरून थेट गिअरबॉक्सच्या बोल्टला, सेल्फच्या शेजारी, ३५ चौरसची नवी केबल टाकली. चेसिसची जुनी पट्टी बदलून तीही ठेवली, कारण दिवे-हॉर्नचा करंट चेसिसमधूनच परत येतो. दोन्ही टोकांना रंग खरवडून पांढरा धातू दिसेपर्यंत पॉलिशपेपर, बोल्ट आवळल्यावर वरून व्हॅसलीन. आधी व्हॅसलीन लावून मग बोल्ट आवळण्यापेक्षा हे बरं.

एक्सिलरेटर केबल पुन्हा नवी. तेवढाच काय तो पार्ट. केबल, तारा, रिले, होल्डर, थिंबल आणि मजुरी धरून सगळं मिळून आधीच्या एका बॅटरीच्या किमतीच्या निम्म्यापर्यंतही गेलं नाही.

निष्पत्ती

गाडी पुन्हा तशीच दमवून आणली, बोनेट झाकून दहा मिनिटं. चावी फिरवली, लगेच चालू. बॅटरीच्या प्लसपासून ५० नंबरपर्यंतची घट चार व्होल्टवरून ०.४ वर आली. सेल्फ फिरतानाची अर्थिंगची घट १.३ वरून ०.१५ वर. सेल्फच्या आवाजातला फरक मालकांनी स्वतः ओळखला. पूर्वी सकाळीही तो जरा ओढल्यासारखा फिरायचा, त्याची सवय झाली होती.

त्यानंतर मे महिन्याचा कडक उन्हाळा आणि एक पावसाळा गेला. गाळ्यावर इंजिन बंद होतं, चालू होतं. केबल मोकळी आहे. चावीचा स्विच जुनाच आहे आणि आता तापत नाही. तो कधीतरी जाईल, पण रिलेमुळे त्याच्या कॉन्टॅक्टवर आता पूर्वीसारखा भार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

पहिल्याच गॅरेजमध्ये एक प्रश्न विचारायला हवा होता: थंड असताना अडते की गरम झाल्यावर? कमजोर बॅटरी आधी थंडीच्या सकाळी त्रास देते, लांब पल्ल्यानंतर भरपूर चार्ज झालेली असताना नाही. या एका उत्तराने बॅटरीचा खर्च वाचला असता.

दुसरं, ऐकण्याबद्दल. एकच 'टक्', भराभर 'टकटकटक', की अजिबात आवाज नाही, हे मालकाने नीट सांगितलं तर अर्धी दिशा मिळते. भराभर टकटक म्हणजे बहुधा बॅटरी किंवा तिचे टर्मिनल: दांडा ओढला जातो, मोठा करंट मागितला की व्होल्टेज कोसळतो, दांडा सुटतो, पुन्हा ओढला जातो. आवाजच नाही म्हणजे चावी, फ्यूज, कनेक्टर किंवा ५० नंबरची निखळलेली तार. एकच 'टक्' सगळ्यात फसवा, कारण त्यामागे भाजलेले कॉन्टॅक्ट, झिजलेले कार्बन, जाम सेल्फ आणि उपाशी सोलेनॉइड असे चार वेगळे दोष असू शकतात. तिथे मोजल्याशिवाय बोलू नये.

सेल्फ उतरवून टेबलवर फिरवून बघितला गेला होता आणि तो छान फिरला होता. टेबलवर त्याला जाड केबल, भक्कम अर्थ आणि थंड गुंडाळी मिळते. गाडीतली परिस्थिती तिथे नसतेच. टेबलवर पास झालेला सेल्फ पुन्हा बसवून गाडी तशीच राहिली, तर दोष बहुधा सेल्फच्या बाहेर आहे असं समजावं. त्या ठिकाणी थांबून तारांकडे वळायला हवं होतं.

आणि मालकांच्या बाजूने, जुनी गाडी घेताना अलार्म, म्युझिक सिस्टीम, जीपीएस असं जे जे आधीच्या माणसाने बसवून काढलेलं असतं त्याचे जोड एकदा उघडून बघून घ्यावेत. डॅशबोर्डखाली काळ्या टेपची गुंडाळी दिसली आणि तिच्यातून जाड तार जात असेल तर ती नीट करायला फार वेळ लागत नाही.

मोजलेले सगळे आकडे, दुरुस्तीआधीचे आणि नंतरचे, एका कागदावर लिहून मालकांना दिले. तो गाडीच्या कागदपत्रांच्या पाऊचमध्ये आहे. पुढे कधी सेल्फने नकार दिला तर ज्याच्याकडे गाडी जाईल त्याने आधी अर्थिंगचा ०.१५ आणि ५० नंबरचा ०.४ हे दोन आकडे पुन्हा घ्यावेत. ते तसेच निघाले तर सेल्फ उतरवायला हरकत नाही.